वाचकांचे प्रश्न : बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

प्रश्न : आमच्या मंडळीत नाताळला बसायला जागा मिळत नाही आणि एरवीच्या रविवारी पंचवीस माणसे जमली तरी पाळकसाहेबांचा चेहरा खुलतो. तरुण पिढी बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी एवढ्यापुरतीच चर्चमध्ये दिसते. माझे आजोबा दर रविवारी पाच मैल चालत उपासनेला येत. जन्माने ख्रिस्ती झालेल्यांचा विश्वास असा वरवरचाच राहणार काय?
— एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आजोबांची पायपीट खरी आहे आणि तिचा आदर करायलाच हवा. मात्र त्या काळी जे घरीच बसले, त्यांच्या आठवणी त्यांची नातवंडे कोणाला सांगत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. दुष्काळात मिशनच्या आवारात आलेल्या माणसांना भाकरी हवी आहे की ख्रिस्त, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांनाही पडत असे. (भुकेल्याने आधी भाकरी मागितली तर त्याला उथळ म्हणू नये, असे मला वाटते, पण तो वेगळा विषय झाला.) तेव्हा ही तक्रार आपल्या पिढीने जन्माला घातलेली नाही.

रिकाम्या बाकांपेक्षा मला भरलेल्या बाकांची धास्ती अधिक वाटते. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला तेव्हा त्या देशातील बहुतेक सर्व माणसे बाप्तिस्मा झालेली, चर्चच्या पटावर नाव असलेली होती. तरीही ज्यू वंशाच्या ख्रिस्ती पाळकांना पदावरून दूर करण्याचा नियम त्याच वर्षी तिथल्या चर्चच्या सभेत मंजूर होऊ शकला. हे सारे जवळून पाहिलेल्या डीट्रिख बोनहोफर या तरुण पाळकाने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरला. पश्चात्ताप न करता मिळालेली क्षमा आणि ख्रिस्ताच्या मागे एक पाऊलही न टाकता मिळालेले समाधान, असा त्याचा आशय होता. हिटलरला विरोध केल्यामुळे एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली.

जन्माने ख्रिस्ती असणे हेच उथळपणाचे मूळ, हे आपले अनुमान मात्र मला पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच मातीतले आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तो स्वतः विचार करून, शास्त्रे पारखून, आणि त्यापायी महाराष्ट्रात उठलेले टीकेचे वादळ सोसून. त्यानंतर त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली आणि १८८९ मध्ये विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढले. एवढे सारे झाल्यावर, बाप्तिस्म्याला आठ वर्षे लोटल्यावर आपल्याला काय उमगले, हे त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत नोंदवले आहे : ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो अद्याप मिळाला नव्हता. ज्या बाईच्या त्यागाकडे बोट दाखवून आपण तरुणांना लाजवतो, ती बाई स्वतःच्या पहिल्या आठ वर्षांविषयी असे लिहिते! पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना त्यांनी केडगावी आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम तर १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत चालले होते.

रमाबाईंची आणखी एक सवय आपल्या मंडळ्यांनी उचलायला हवी होती. वाँटेजच्या मठातील सिस्टरांनी सांगितले म्हणून त्यांनी कोणतेही मत मुकाट्याने स्वीकारले नाही. पत्रांतून त्या वाद घालत राहिल्या. आपल्याकडे दृढीकरणाच्या वर्गात मुलाने त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा याबद्दल, दुसरा प्रश्न विचारला की त्याला गप्प केले जाते. बालबाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी दिलेले वचन मुलाने आपल्या तोंडाने उच्चारण्याची ती वेळ असते, आणि माझ्या पाहण्यातील कित्येक मंडळ्यांत ती पाठांतर, नवे कपडे आणि जेवण यांवर आटोपते. आपण शिक्षक होता. पाळकसाहेबांकडून तो वर्ग वर्षभरासाठी मागून घ्या आणि मुलांना विचारू द्या.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. आमच्या युवक उपासनेत गिटार, ड्रम, मोठा पडदा असे सर्व असते. गाताना डोळ्यांत पाणी येते. सोमवारी कार्यालयात मात्र मी इतरांसारखाच असतो. मग ते अश्रू खोटे होते काय?
— एक तरुण वाचक

उत्तर : अश्रू खरे होते, आणि त्यांना खोटे ठरवणाऱ्या वडीलधाऱ्यांचे ऐकू नका. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवर पडलेल्या बीजाविषयी येशूने काय म्हटले आहे, ते मार्कच्या चौथ्या अध्यायात पुन्हा वाचा : माती खोल नव्हती, म्हणूनच ते लवकर उगवले. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही; मुरमाड रानातली बाजरी पहिल्या पावसाने वर येते, पाहणाऱ्याला आनंद देते आणि पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली की माना टाकते. दोष उगवण्याचा नसतो, वीतभर मातीखालच्या खडकाचा असतो.

भावनेला परके मानण्याचेही कारण नाही. नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळ्यांना भजने दिली, ती लोकांनी डोळे पुसतच गायिली. परंतु त्याच टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडले, आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ उभारण्याच्या खटपटीला ते लागले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते आणि आयुष्याची दोनच वर्षे उरली होती. गाणे आणि पगार यांच्यामध्ये त्यांनी भिंत ठेवली नाही. आपल्या भिंतीची जागा आपण स्वतःच सांगितली आहे : ती रविवार आणि सोमवार यांच्यामध्ये आहे. खोट्या बिलावर सही करणे, सहकाऱ्याचे श्रेय आपल्या नावावर घेणे, सफाई कामगाराशी तुटकपणे बोलणे, यांपैकी जे आपल्याकडून घडत असेल, त्यातील एकच धरून खणायला लागा. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. तो हिशेब गाण्याच्या भरात होत नाही.

प्रश्न : प्रकटीकरणात लावदिकीयाच्या मंडळीला ‘तू शीत किंवा उष्ण असतास तर बरे होते’ असे म्हटले आहे. म्हणजे कोमट ख्रिस्ती माणसापेक्षा उघड नास्तिक देवाला बरा वाटतो काय?
— एक वाचक, वसई

उत्तर : उपदेशांत हा अर्थ वारंवार ऐकू येतो, पण तो मला ओढूनताणून लावलेला वाटतो. लावदिकीया हे आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन शहर. जवळच्या हेरापली शहरात गरम पाण्याचे झरे होते, ते आजही आहेत, आणि त्यांत लोक स्नानासाठी जात; शेजारच्याच कलस्सै गावाला थंड पाणी होते. लावदिकीयाला मात्र पाणी लांबून दगडी नळांतून आणावे लागे, आणि त्या नळांत साचलेला क्षारांचा जाड थर अवशेषांत पाहायला मिळतो. गरम पाण्याने अंग शेकता येते, थंड पाण्याने तहान भागते, दोन्ही चांगली. कोमट पाणी कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ही तक्रार उत्साहाच्या तापमानाविषयी नसून, श्रीमंत आणि स्वतःवर खूश असलेल्या मंडळीचा कोणालाच उपयोग नव्हता, याविषयी आहे.

प्रश्न : आमच्या शेजारचे कुटुंब घरी प्रार्थना करते, बायबल वाचते; पण मुलांच्या दाखल्यावर जुनाच धर्म आहे आणि ते मंडळीच्या पटावर नाव घालू देत नाहीत. याला विश्वास म्हणावे काय?
— नाव न छापण्याच्या अटीवर

उत्तर : कागदावर खोटे लिहा, असे मी कोणालाही सांगणार नाही. परंतु निवाडा करण्यापूर्वी त्या दाखल्याचे मोल समजून घ्या. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मात्र अनुसूचित जातीच्या आरक्षणाची सवलत आजही नाही. ज्यांच्या दाखल्याला असा काही धोकाच नाही, त्यांनी पहिल्या बाकावर बसून या कुटुंबाला भेकड म्हणणे फार सोपे आहे.

अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणाला की, यापुढे मी परमेश्वरालाच भजेन, पण माझा धनी रिम्मोन दैवताच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल. त्याची मला क्षमा व्हावी. अलीशाने परवानगी दिली नाही आणि शापही दिला नाही. ‘शांतीने जा’ एवढेच तो म्हणाला. निकदेम हा यहुदी पुढारी येशूकडे रात्रीच आला होता, पण उघडपणे येशूबरोबर हिंडणारे शिष्य पांगले तेव्हा येशूच्या प्रेताला लावायची सुगंधी द्रव्ये घेऊन तोच पुढे झाला. त्या घरी प्रार्थनेच्या वेळी एकदा जाऊन बसा, आणि पटाचा विषय त्यांनी काढल्याशिवाय आपण काढू नका.