लस, छातीतली कळ आणि फॉरवर्ड केलेले वैद्यक

2025 च्या मे महिन्यात कोविडचे रुग्ण पुन्हा थोडे वाढल्याच्या बातम्या आल्या आणि 2021 मधले जुनेच संदेश गोव्यातल्या गटागटांत नव्याने फिरू लागले. तेव्हापासून माझ्याकडे येणारी पत्रेही तीच. एका आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देतो आहे. नावे मुद्दाम गाळली आहेत.

फेणीच्या गुळण्या केल्या तर घशातला विषाणू मरतो का? (पेडणे)

नाही. हातावरचा विषाणू मारायला अल्कोहोल किमान 60 टक्के लागते आणि फेणीत ते सुमारे 42.8 टक्के असते. हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) तर त्याहूनही हलका. प्यायची तर प्या, पण औषध म्हणून नको. यकृताचा त्रास किंवा मधुमेह असेल तर तीही आधी डॉक्टरांना विचारून.

कोविड 5जी टॉवरमुळे पसरला, असे आमच्या गटावर एक इंजिनियर सांगतात. (वास्को)

गोव्यात पहिले रुग्ण मार्च 2020 मध्ये सापडले. भारतात 5जी सुरू झाले ऑक्टोबर 2022 मध्ये. हिशेब इंजिनियरनाच करू द्या.

कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो का? नातवाच्या उशाशी ठेवू का? (साखळी)

वाढत नाही. नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, एवढेच. नातवाच्या उशाशी तर मुळीच नको. लहान मुलाने कापूर तोंडात घातला तर फिट येऊ शकते. घातलाच असेल तर उलटी करवण्याच्या फंदात न पडता तडक दवाखाना गाठा.

कोविशिल्ड घेतली होती. कंपनीने कोर्टात गुठळ्यांचे कबूल केले म्हणतात. लॅबवाला 'पोस्ट-व्हॅक्सिन पॅकेज' देतो, त्यात डी-डायमर (गुठळ्यांच्या शंकेसाठीची रक्ततपासणी) आहे. करून घेऊ? (म्हापसा)

तुम्हाला दुसरा काही त्रास नसेल तर नको. कोविशिल्डची मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधल्या न्यायालयात ते मान्य केले हे खरे, आणि 2024 मध्ये त्याची बातमी झाली हेही खरे. पण रक्तात गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट्स कमी होणे हा अतिदुर्मीळ प्रकार डॉक्टरांना 2021 पासूनच माहीत होता. तो होतो लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, काही वर्षांनी नाही. डी-डायमर वयाने वाढतो, साध्या तापात वाढतो, गरोदरपणात वाढतो. तो वाढलेला दिसला की तुमची झोप उडणार, मग कुणीतरी सीटी स्कॅन सुचवणार आणि पॅकेजवाल्याचे भले होणार. पाय एकाएकी सुजला, दुखू लागला, दम लागला तर गोष्ट वेगळी. तेव्हा लॅबमध्ये न जाता आझिलोत, म्हणजे म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात जा, कोणती तपासणी करायची ते तिथले डॉक्टर ठरवतील.

आमच्या वाड्यावरचा चाळिशीतला माणूस फुटबॉल खेळताना कोसळला आणि गेला. सगळे म्हणतात लसीमुळेच. मीही तीन डोस घेतले आहेत. हल्ली मलाही जिना चढताना छातीत जड होते, पण ते गॅसमुळे असावे. (फोंडा)

तुमचे शेवटचे वाक्य पत्रात सगळ्यात वर हवे होते. आजच ईसीजी काढून घ्या, पुढचे नंतर वाचलेत तरी चालेल.

आता लसीविषयी. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) नेमक्या याच शंकेवर अभ्यास केला आणि तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. 18 ते 45 वयाची, वरवर धडधाकट असलेली आणि अचानक दगावलेली 729 माणसे त्यात होती. तुलनेला त्याच परिसरातली, त्याच वयाची 2,916 जिवंत माणसे घेतली. दोन डोस घेतलेल्यांत अशा मृत्यूची शक्यता वाढलेली सोडाच, कमी आढळली. ती वाढलेली आढळली कोविडने इस्पितळात राहून आलेल्यांत, घरात पूर्वी कुणी असेच अचानक गेले होते त्यांच्यात, आणि मृत्यूच्या आधीच्या 48 तासांत बेसुमार दारू, नशेचे पदार्थ किंवा अति दमछाक करणारा व्यायाम झालेल्यांत. लसीला दुष्परिणामच नाहीत असे मी म्हणत नाही. एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्नासारख्या) लशींनी काही तरुणांच्या हृदयस्नायूला सूज आली, हे नोंदवलेले आहे. पण आपल्याकडे बहुतेकांनी घेतली ती कोविशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन, आणि त्या दोन्ही त्या प्रकारच्या नव्हेत.

मला राग येतो तो पुढच्या भागाचा. खापर लसीवर फोडले की सिगारेट दोषातून सुटते, शनिवारची रात्र सुटते, दहा वर्षे न तपासलेली साखर सुटते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मधुमेह पाहणीत गोवा देशात पहिला आला: 26.4 टक्के, देशाची सरासरी 11.4. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून जास्त. यावर कुणी फॉरवर्ड बनवत नाही, कारण त्यात खलनायक परका नाही.

आणि त्या गेलेल्या माणसाचे घर? तरुण माणूस असा कोसळतो तेव्हा कधीकधी कारण जन्मजात असते. हृदयाचा स्नायू जाड असतो किंवा ठोक्यांची वीजवाहिनी बिघडलेली असते. हे दोष घराण्यात चालतात. शवचिकित्सा करू दिली नाही, 'लसीने गेला' म्हणून विषय मिटवला, की त्याच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी कुणी करत नाही. त्या सगळ्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे नेऊन ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायला सांगा. वाड्यावर चर्चा करायचीच असेल तर याची करा.

राहिला तुमचा गॅस. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, दम. यातले काही विश्रांतीतही थांबेना तर सोडा पिऊन, ओवा चावून वाट पाहायची नाही. मधुमेही माणसाला आणि बायकांना कळ न येता नुसता थकवा किंवा मळमळही होऊ शकते. गोव्यात स्टेमी (हृदयाची धमनी बंद पडून येणारा मोठा झटका) प्रकल्पाखाली जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढून तो बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या तज्ज्ञांना दाखवतात आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देता येते. ते पहिल्या काही तासांत जितके लवकर, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. म्हणून 108 ला फोन करा. भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून फोंड्याहून बांबोळीला निघालेले रुग्ण मी पाहिले आहेत. रात्रभर सोडा, सकाळी शेजाऱ्याचा सल्ला, दुपारी स्कूटर. तोवर इंजेक्शनची वेळ निघून गेलेली असते.

2021 मधल्या इव्हरमेक्टिन आणि स्टेरॉइडच्या पट्ट्या कपाटात आहेत. जुनी चिठ्ठीही आहे. ताप आला तर सुरू कराव्या? (कुडचडे)

पट्ट्या फार्मसीत दाखवा, मुदत संपलेली असणार. संपली नसली तरी नको. मे 2021 मध्ये आपल्या गोवा सरकारने 18 वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधक म्हणून इव्हरमेक्टिन (मुळात जंतांवरचे औषध) द्यायचे जाहीर केले होते. त्याआधीच, मार्चअखेरीस, जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी ते फक्त चाचण्यांपुरतेच वापरा असे सांगितले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राच्या उपचार-सूचनांतूनही ते वगळले गेले.

स्टेरॉइडचे प्रकरण जास्त गंभीर. 2020 च्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्यांचे प्राण वाचवले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. लोकांनी पहिला अर्धा ऐकला आणि पहिल्या दिवशीच गोळी घेतली. ताप दबतो, बरे वाटते, साखर चढते, आणि विषाणूशी झगडणारी प्रतिकारशक्ती ऐन वेळी लंगडी होते. काळ्या बुरशीने डोळे गमावलेल्यांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली. आणि जे बरेच दिवस स्टेरॉइडवर आहेत त्यांनी हे वाचून गोळी एकदम बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारूनच.

साथ खोटी होती, इस्पितळांनी पैशासाठी आकडे फुगवले, असे माझे मेहुणे ठामपणे सांगतात. काय उत्तर देऊ? (मडगाव)

मे 2021 मध्ये बांबोळीत पहाटेच्या वेळी ऑक्सिजनअभावी माणसे दगावत असल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला होता. त्या वेळच्या बातम्या मेहुण्यांना वाचायला द्या. काही खाजगी इस्पितळांनी बिले वाटेल तशी लावली, हे मला मान्य आहे, आणि सरकारी निर्णयही दर आठवड्याला बदलत होते. माणसे चिडली ती उगाच नाही. पण बिल फुगवले म्हणून आजार खोटा ठरत नाही. मेहुण्यांशी वाद घालू नका. त्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, तेवढे विचारा.

लस शरीरातून 'उतरवणारे' सिरप ऑनलाइन मिळते. घ्यावे का? (डिचोली)

उतरवायला लस शरीरात शिल्लकच नाही. पैसे वाचवा. बाटली आधीच घेतली असेल तर घटकांची यादी डॉक्टरांना दाखवा, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. 'शंभर टक्के नैसर्गिक' असे लिहिलेले असल्याने यकृताला काही फरक पडत नाही.

मुलगा जहाजावर असतो. त्याने पाठवलेला व्हिडिओ पाहून मी रक्तदाबाची गोळी सोडली आणि बीटचा रस सुरू केला. तीन आठवडे झाले, बरे वाटते. मी 68 वर्षांची, घरी एकटीच असते. (वाळपई)

बाई, रक्तदाब वाढलेला असताना बहुतेकांना बरेच वाटते. बीट खा, पण गोळीच्या जागी नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर रसाचेही विचारून घ्या. जुनी गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. कोणती गोळी सोडली त्यावर बरेच अवलंबून आहे, काही गोळ्या एकदम सोडल्या की दाब किंवा नाडी उसळते. उद्या सकाळी वाळपईच्या आरोग्य केंद्रात जा. सोबत जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचा डबा असू द्या. पाच मिनिटे शांत बसल्यावर दाब मोजायला सांगा. आज रात्री डोके फार दुखले, बोलताना जीभ अडखळली किंवा एका बाजूचा हात जड वाटला तर सकाळची वाट पाहायची नाही. शेजारच्यांना हाक मारा आणि त्यांच्याकडून 108 लावून घ्या.