ऑरोरा (ध्रुवांकडच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) किंवा अग्निगोल (खूप तेजस्वी उल्का) दिसला तर हौशी माणसाने नोंद कशी ठेवावी? नुसत्या मोबाईलवर केलेल्या नोंदीचा कुणाला उपयोग होतो का?

होतो. मी बऱ्याच वर्षांपासून अशा नोंदी ठेवतोय आणि माझ्या मते फोटो दुय्यम आहे. वेळ आणि दिशा आधी. देखण्या फोटोखाली ‘काल रात्रीचा नजारा’ एवढंच लिहिलेलं असेल, तर अभ्यासकाच्या हाती काहीच लागत नाही.

फिनलंडमधल्या हौशी मंडळींचंच बघा. ७ ऑक्टोबर २०१८ ला त्यांना ऑरोरात वाळूच्या लाटांसारखे हिरवे पट्टे दिसले. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी फोटो निघाले होते. मागचे तारे ओळखून दोन्ही फोटो ताडून पाहिले, तेव्हा पट्ट्यांची उंची सुमारे १०० किलोमीटर निघाली. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. फोटोंच्या वेळा जुळल्या नसत्या तर हे गणित मांडताच आलं नसतं.

म्हणून तारीख-वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत लिहा. मोबाईलचं घड्याळ नेटवर्कवरून बरोबर राहतं, पण वेगळा कॅमेरा असेल तर त्याचं घड्याळ हळूहळू भरकटतं. त्यावर सोपी युक्ती: रात्री सुरुवातीलाच मोबाईलवर सेकंदासह वेळ उघडून तिचा कॅमेऱ्याने एक फोटो काढून ठेवायचा. फरक किती ते नंतर कळतं. फ्रेममध्ये थोडं क्षितिज आणि ओळखता येतील असे तारे येऊ द्या. मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की तिच्यातली वेळेची माहिती सहसा गळून जाते.

क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजायला हात पुरतो. हात सरळ ताणून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. ‘ईशान्येला, क्षितिजापासून दोन मुठी वर’ ही उत्तम नोंद आहे.

रंग मात्र डोळ्यांना दिसला तो वेगळा लिहा, कॅमेऱ्यात आला तो वेगळा. मंद ऑरोरा डोळ्यांना राखाडी धुक्यासारखा दिसतो आणि काही सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये तोच हिरवागार येतो. लाल रंगही हिरव्यासारखा ऑक्सिजनचाच, पण २०० किलोमीटरच्या वरचा. त्यामुळे तो खूप दूरच्या, कमी अक्षांशांच्या प्रदेशातूनही क्षितिजालगत दिसू शकतो. मे २०२४ च्या सौर वादळात लडाखमधल्या हानलेहून दिसला तो लालच. आकारही टिपा: कमान, पट्टा, किरण, की नुसती झाक, हलतोय की स्थिर.

अग्निगोलाला काही सेकंदच मिळतात. कुठे दिसू लागला, कुठे विझला, तुकडे झाले का, आणि किती मिनिटांनी आवाज आला (आलाच तर) एवढं पुरे. शेजारच्याशी चर्चा करण्याआधी लिहून काढा, कारण दोघांच्या आठवणी फार पटकन एकसारख्या होतात! आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेचा ऑनलाइन फॉर्म आहे. ऑरोरासाठी ऑरोरासॉरस नावाचा प्रकल्प आहे.

तिथे ‘आकाश निरभ्र होतं, पण काही दिसलं नाही’ असंही कळवता येतं. लोक हे कळवायला कंटाळतात, पण ऑरोरा कुठपर्यंत पोचला याची सीमा अशा नोंदींशिवाय आखता येत नाही. फक्त तेव्हा ढग किती होते आणि चंद्र होता का, हे सोबत लिहा.