दौरा पालकमंत्र्यांचा असतो

कोल्हापुरातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेवर ते लेख लिहीत आहेत. अपस्माराच्या शस्त्रक्रिया आणि स्मृती हा मिल्नरबाईंचा विषय, पुढे मेंदूच्या प्रतिमाही. ‘मिरगीचे दौरे पडतात’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ‘ब्रेन इमेजिंग’ म्हणजे ‘मेंदूची छायाचित्रं’ का?

नाही चालणार. दौरा पालकमंत्र्यांचा असतो. हिंदी बातम्या घाईने उलथवणाऱ्यांनी तो आजाराला चिकटवला, वर ‘पडतो’ही केला. ‘झटका’ तर विजेचा, हृदयाचा, शेअर बाजाराचा आणि बोकडाचाही. आपल्याकडे फिट येते, आकडी येते, फेफरं येतं. ‘फेफरं’ हिंदी ‘फेफड्या’वरून आल्याचं एका विद्वानांनी मला ठासून सांगितलं. फुप्फुसाचा इथे काय संबंध? तोंडाशी येणारा फेस आणि घुसमटलेला श्वास ऐका, शब्द तिथेच आहे. पुरावा मागू नका, कानाला विचारा. (आणि फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल लावू नका, कोल्हापुरी तर नकोच. कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका.)

पण खरा शब्द ‘अपस्मार’. सुश्रुताने आपल्या संहितेच्या उत्तरतंत्रात तो फोडूनच दाखवलाय : ‘स्मृतिर्भूतार्थविज्ञानमपश्च परिवर्जने’. घडून गेलेल्याचं ज्ञान ती स्मृती, आणि ‘अप’ म्हणजे ते सुटणं. धातू तोच, ‘स्मृ’. म्हणजे चौकाचौकातलं स्मारक आणि अपस्मार सख्खे भाऊ! ‘विस्मरणा’त आठवण हळूहळू झिरपून जाते. ‘अप’मध्ये मात्र अपहरणाचा हिसका आहे. ग्रीकांच्या ‘एपिलेप्सी’त कुणीतरी माणसाला पकडतं, आपल्या शब्दात माणसाकडचंच काही जातं. मला आपला जास्त नेमका वाटतो.

परिभाषावाले नाक मुरडतात : काही फिटमध्ये शुद्ध जात नाही, हातच तेवढा उडतो, मग ‘स्मार’ कुठला? अहो, त्या हिशेबाने ‘मलेरिया’तली वाईट हवाही काढा! व्युत्पत्ती म्हणजे निदान नव्हे.

आणि मिल्नरबाईंचंच काम बघा. 1953 मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या फिट थांबाव्यात म्हणून सर्जन स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतला भाग काढला. फिट कमी झाल्या, पण नवी आठवण टिकेनाशी झाली. मिल्नर माँट्रियलहून त्याला तपासायला जात. दर भेटीत त्या त्याला नव्याच. लहानपण मात्र शाबूत. 1957 मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी हे प्रसिद्ध केलं आणि त्या काढलेल्या भागातला हिप्पोकॅम्पस हा स्मृतीच्या अभ्यासाचा केंद्रबिंदू झाला. म्हणजे आजार हटवताना आजाराचं नाव उपचाराला लागलं! त्यातही सुश्रुताचा ‘भूतार्थ’ बराचसा शिल्लक राहिला, गेला तो पुढे भूतार्थ होणारा वर्तमान. यावर स्वतंत्र लेख होईल, तुम्हीच लिहा.

पुढे 1997 मध्ये मिल्नर यांच्या शिष्या सुझन कॉर्किन यांच्या गटाने त्याच रुग्णाच्या मेंदूचा एमआरआय प्रसिद्ध केला, तेव्हा दिसलं की हिप्पोकॅम्पसचा मागचा काही भाग उरलाच होता.

आता राहिलं ‘छायाचित्र’. तेही नको. एक्स-रेत आणि सीटीत छाया तरी आहे, किरण अडतात. एमआरआयमध्ये चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातल्या हायड्रोजनकडून येणारे संकेत टिपतात. छाया कुणाची पडणार? लेखात ‘प्रतिमा’ लिहा. बोलताना ‘एमआरआय काढला’ म्हणतातच सगळे, ते उत्तम मराठी आहे.