बायोफिल्मवर औषध तपासताना क्रिस्टल व्हायोलेटवर थांबू नका

नव्या रेणूची एमआयसी (जिवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा) कमी आली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. ती तरंगत्या जिवाणूंची असते. बायोफिल्ममधल्यांना, म्हणजे चिकट आवरणात थर करून बसलेल्या जिवाणूंना, मारायला १०० ते १००० पट मात्राही लागू शकते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये आधी २४ तास थर वाढवा, मगच औषध घाला. सुरुवातीलाच घातलंत तर फक्त थर बनणं रोखल्याचं कळतं; रुग्णात मात्र तो आधीच बसलेला असतो. कडेच्या खळग्यांतलं पाणी उडतं, तिथे नुसतं माध्यम (जिवाणूंचं पोषक द्रावण) भरा. थर किती आहे ते मोजायला वापरतात तो ०.१% क्रिस्टल व्हायोलेट रंग मेलेल्या पेशी आणि चिकट आवरणही रंगवतं, म्हणून थर सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी सुटा करून) आगरवर, म्हणजे पोषक जेलीवर, पसरा आणि जिवंत जिवाणूंच्या वसाहती मोजाच. त्याआधी पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) हलक्या हाताने दोनदा धुवा: जोरात धुतलं तर थरच सुटतो, आणि औषध उरलं तर ते आगरवर जिवाणूंची वाढ रोखून खोटं यश दाखवतं.