बाप्तिस्मा: बारसं नव्हे, नुसतं स्नानही नव्हे

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: "मुलाच्या वर्गमित्राला बहीण झाली, तिच्या बाप्तिस्म्याचं आमंत्रण आलंय. सासूबाई म्हणतात, ख्रिस्ती लोकांचं बारसंच ते. मग सरळ बारसंच का म्हणत नाहीत? सगळं बायबल मराठीत आहे, मग हा एक शब्द परका का ठेवला? आणि बाप्तिस्मा 'झाला' की 'झालं'?"

शेवटचं आधी, कारण ते सोपं आहे. शब्द पुल्लिंगी. बाप्तिस्मा झाला, बाप्तिस्म्याला गेलो, बाप्तिस्म्याच्या वेळी. 'आत्मा' जसा चालवतो तसाच हा चालवायचा. मूळ ग्रीक शब्द नपुंसकलिंगी आहे, पण मराठीनं त्याचा आकारान्त शेवट पाहिला आणि त्याला पुल्लिंगात घेतलं. इंग्रजीतल्या 'बॅप्टिझम'वरून हा शब्द आला असं पुष्कळांना वाटतं, पण त्याचा 'स्मा' थेट ग्रीकचा आहे. 'बपतिस्मा' हे हिंदी वळण. मराठी बायबलात 'बाप्तिस्मा' असंच छापतात.

आता बारसं. सासूबाईंना तसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचं नाव सर्वांसमोर उच्चारलं जातं. पण बारसं बाराव्या दिवसाशी बांधलेलं आणि नाव ठेवण्यासाठी असतं. बाप्तिस्मा हा पाण्यानं होणारा ख्रिस्ती विधी. त्याला दिवसाचं बंधन नाही, वयाचंही नाही. बायबलच्या नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात इथिओपियाच्या एका अधिकाऱ्याची गोष्ट आहे. रथातून जाताना तो फिलिप्प नावाच्या प्रचारकाकडून येशूविषयी ऐकतो, वाटेत पाणी दिसतं आणि तो विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? नावाचा तिथं काही संबंधच नाही. संबंध आहे तो विश्वासाचा, आणि त्या विश्वासानं जगणाऱ्या समुदायात, म्हणजे मंडळीत, येण्याचा.

मग 'स्नान' का नको? रोमन कॅथलिक मंडळी मराठीत 'स्नानसंस्कार' म्हणतात आणि तो चांगला, अर्थवाही शब्द आहे. त्यातला 'संस्कार' फार मोलाचा. पण एकटं 'स्नान' कमी पडतं, हे कोल्हापूरकरांना पंचगंगेच्या घाटावरच कळेल. कार्तिकात पहाटे लोक घाटावर येतात, बुडी मारतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. आपण स्नान 'करतो', स्वतःचं स्वतः, आणि पुन्हा पुन्हा. बाप्तिस्मा या दोन्ही बाबतींत वेगळा. तो आयुष्यात एकदाच होतो. नव्या करारातल्या, इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात 'एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा' असं म्हटलं आहे. आणि तो स्वतःचा स्वतःला देता येत नाही.

मला या शब्दाबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि ते मराठीच्या क्रियापदांत लख्ख उतरलं आहे. बाप्तिस्मा 'घेतात', 'देतात', तो 'होतो'. कुणी मोठा माणूस स्वतःच्या निर्णयानं पुढं आला तरी पाणी दुसऱ्याच्या हातून येतं. येशूनंही यार्देन नदीत योहानाच्या हातून तो घेतला. ख्रिस्ती श्रद्धेत तारण, म्हणजे पापातून सुटका, ही कमाई नाही, कृपा आहे, देवाकडून मिळालेली देणगी आहे. 'घेणे' हे क्रियापद ती श्रद्धा निमूट सांभाळतं. म्हणून 'त्यानं बाप्तिस्मा केला' हे वाक्य घेणाऱ्याबद्दल असेल तर चुकीचं. 'बाप्तिस्मा करणारा योहान' बरोबर, कारण तो देणारा आहे.

शब्द परका का ठेवला, याचं उत्तर शब्दाच्या अर्थामध्ये आहे आणि पंथांच्या भांडणातही. ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे, बुडणे. बुडालेल्या जहाजालाही ते वापरत. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कुष्ठरोगी नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारतो, तिथं हेच क्रियापद आहे. प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात ते आणखी खोल नेलं: बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर मेलो, पुरले गेलो, आणि तो उठला तसं आपणही नव्या जीवनात चालावं. पाण्याखाली जाणं म्हणजे मरण, वर येणं म्हणजे नवा जन्म. नुसता मळ धुण्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे.

पण बुडवलंच पाहिजे का? 'दिदाखे' या फार जुन्या ख्रिस्ती शिकवणीत सांगितलं आहे की वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, आणि पुरेसं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. पुढं पंथ वेगळे झाले. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या समजत्या वयात, पूर्ण बुडवून देतात. कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन बालकांनाही देतात, बहुधा पाणी ओतून किंवा शिंपडून. एकोणिसाव्या शतकात बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात 'बुडवणे' या अर्थाचा शब्द घातला, तेव्हा बायबल छापून वाटणाऱ्या बायबल सोसायटीनं त्याला पैसा द्यायचं नाकारलं. वाद इतका पेटला की इंग्लंडमधल्या बॅप्टिस्टांनी 1840 मध्ये भाषांतरासाठी वेगळी संस्था काढली. 'बुडवणे' लिहिलं की शिंपडणारे दुखावणार, 'शिंपडणे' लिहिलं की बुडवणारे. ग्रीक शब्द तसाच ठेवला की सगळ्यांना एकच पुस्तक वाचता येतं. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता.

कोल्हापुरात 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर आले. त्यांच्या नावाचं चर्च शहरात आहे. त्यांचं मिशन पुढं प्रेस्बिटेरियनांकडे गेलं, म्हणून आपल्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा ही नेहमीची गोष्ट आहे. आईवडील विश्वासाचं वचन देतात, मंडळीही त्या लेकराला सांभाळायचं वचन देते. हे मूल धर्म बदलत नसतं, म्हणून बातम्यांतून 'बाप्तिस्मा म्हणजे धर्मांतर' असं समीकरण मांडतात ते मला खटकतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. या दोन शब्दांतलं अंतर त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आणखी एक. क्रिकेटच्या बातमीत 'नवख्या गोलंदाजाचा अग्निबाप्तिस्मा' असलं काही दिसतं. ते इंग्रजीचं ओझं आहे. येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानात 'पवित्र आत्म्यानं आणि अग्नीनं' बाप्तिस्मा येतो, त्याचा अर्थ अगदी वेगळा. कठीण परीक्षेसाठी आपल्याकडे 'अग्निदिव्य' आहे, ते वापरावं.

तर भगिनी, आमंत्रणाला उत्तर देताना "बाळाच्या बाप्तिस्म्याला नक्की येतो" एवढं लिहा. विधी चालवणाऱ्यांना प्रॉटेस्टंट चर्चमध्ये 'पाळक', कॅथलिक चर्चमध्ये 'फादर' म्हणतात. सासूबाईंनाही घेऊन जा. पाणी घालताना 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्द त्यांना मराठीतच ऐकायला मिळतील.