एकाच सर्व्हरवरील निवडक डेटाबेसचेच बॅकअप एन्क्रिप्ट करता येतात का?

आपल्या एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीवर) अनेक डेटाबेस असून त्यांपैकी मोजक्यांतच ग्राहकांची वैयक्तिक माहिती आहे आणि तेवढ्यांचेच बॅकअप एन्क्रिप्ट करायचे (कीशिवाय वाचता येणार नाहीत असे करायचे) आहेत, असे आपण विचारले आहे. हे निश्चित शक्य आहे. २०१४ च्या आवृत्तीपासून बॅकअपच्या आदेशातच एन्क्रिप्शनचा पर्याय देता येतो, त्यामुळे मूळ डेटाबेसला हात लावावा लागत नाही. एक्सप्रेस आवृत्तीत मात्र असे बॅकअप घेता येत नाहीत, केवळ रिस्टोअर करता येतात. टीडीई (ट्रान्सपरंट डेटा एन्क्रिप्शन, म्हणजे संपूर्ण डेटाबेस एन्क्रिप्ट करण्याची सोय) चालू केल्यास डेटाबेसच्या फाइलीही एन्क्रिप्ट होतात; आपली गरज बॅकअपपुरतीच असेल, तर मी ती वाट सुचवणार नाही.

बॅकअप एन्क्रिप्ट करण्यासाठी सर्व्हरच्या 'मास्टर' या सिस्टीम डेटाबेसमध्ये आधी मास्टर की आणि मग प्रमाणपत्र (एन्क्रिप्शनच्या की बाळगणारी नोंद) तयार करावे, आणि बॅकअप घेताना एईएस-२५६ अल्गोरिदमसह त्या प्रमाणपत्राचे नाव द्यावे. एन्क्रिप्ट केलेला बॅकअप जुन्या बॅकअप संचाला जोडता येत नाही, म्हणून दर वेळी नवी फाइल ठेवणे सोयीचे.

खरी काळजी निवडीची आहे, कारण एन्क्रिप्शन डेटाबेसला नव्हे तर प्रत्येक आदेशाला लागू होते. पूर्ण बॅकअप एन्क्रिप्ट केला आणि डिफरन्शियल (मागील पूर्ण बॅकअपनंतरच्या बदलांचा) किंवा लॉग (व्यवहारांच्या नोंदींचा) बॅकअप तसाच सोडला, तर जी माहिती झाकायची होती तीच त्या फाइलींतून उघडी पडते. शिवाय बॅकअप आपोआप घेणाऱ्या जॉबमध्ये संवेदनशील डेटाबेसची यादी ठेवली, तर उद्या तयार होणारा नवा डेटाबेस कोणाच्याही लक्षात न येता यादीबाहेर राहतो. म्हणून सर्व बॅकअप एन्क्रिप्टच करावेत आणि यादी ठेवायचीच तर ती वगळलेल्यांची ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. एमएसडीबी या सिस्टीम डेटाबेसमधील बॅकअपसेट या टेबलात प्रत्येक बॅकअपचा अल्गोरिदम नोंदलेला असतो. तो रकाना रिकामा असेल तर तो बॅकअप एन्क्रिप्ट झालेला नाही, आणि ही तपासणी रोज आपोआप व्हावी.

प्रमाणपत्र हरवले तर बॅकअप कोणीही उघडू शकत नाही, आपणही नाही. त्यामुळे प्रमाणपत्र व त्याची प्रायव्हेट की निर्यात करून बॅकअपपासून वेगळ्या जागी ठेवावी, तिचा पासवर्ड एकापेक्षा अधिक जबाबदार व्यक्तींकडे असावा आणि जुने बॅकअप शिल्लक असेपर्यंत जुने प्रमाणपत्र काढून टाकू नये. पहिला एन्क्रिप्टेड बॅकअप घेतला की तो त्याच आठवड्यात दुसऱ्या सर्व्हरवर, केवळ निर्यात केलेल्या फाइलींच्या आधारे, रिस्टोअर करून पाहावा.