गॅलरीवाले पन्नास टक्के घेतात ते कशाचे, आणि फोटोला किंमत लावतात कशी

तुमचा प्रश्न वाचला. सह्याद्रीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत लावायचे की एखाद्या गॅलरीकडे द्यायचे, आणि गॅलरी अर्धे पैसे का मागते. जरा लांबलचक लिहितोय, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आणि नवीन लोकांचं नुकसान तिथेच होतं.

जहांगीर ही भाड्याने मिळणारी जागा. वरची टेरेस गॅलरी फोटोंसाठीच आहे, अर्ज करायचा, नंबर लागायची वाट बघायची, भाडं भरायचं, आठवडाभर आपण स्वतः उभं राहायचं. काळा घोड्याला येणारी गर्दी मिळते हे खरंच मोठं आहे, पण तिथे तुमच्या वतीने विकायला कोणी बसलेलं नसतं. दिल्लीच्या फोटोइंकसारख्या फोटो-गॅलरीवाल्यांचं काम वेगळं, ते ठरावीक फोटोग्राफर निवडतात आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागे उभे राहतात. विक्रीच्या किमतीचे पन्नास टक्के, जो जगभर साधारण रेट आहे, तो या कामाचा असतो.

आता ते करतात काय. लोकांना वाटतं ओपनिंगला वाइन, चार भाषणं आणि मग विक्री. प्रत्यक्षात चांगल्या गॅलरीत ओपनिंगच्या आधीच काही प्रिंट गेलेल्या असतात, कारण महिनाभर आधी जुन्या कलेक्टरना पीडीएफ गेलेली असते, फोन झालेले असतात, कोणाच्या घरात कुठली भिंत रिकामी आहे हे त्यांना माहीत असतं, ओपनिंगला येणाऱ्याला दोन-तीन लाल टिकल्या (म्हणजे ‘विकली गेली’ची खूण) दिसल्या की त्याचाही हात लवकर खिशात जातो. पण माझ्या मते यापेक्षा मोठं काम म्हणजे म्युझियम. म्युझियमला गॅलरी सवलतीत प्रिंट देते आणि फोटोग्राफरला वाटतं आपलं नुकसान झालं, अहो उलट आहे, तुमच्या नावाला वजन तिथून येतं. जर्मन फोटोग्राफर आंद्रेआस गुर्स्कीच्या ऱ्हाइन २ या फोटोच्या सहाच प्रती, त्यातल्या न्यूयॉर्कच्या मोमा आणि लंडनच्या टेट या म्युझियमांकडे एकेक, आणि २०११ मध्ये एक प्रत क्रिस्टीजच्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेली. फोटो भारी आहेच, पण घेणाऱ्याला माहीत होतं की आता बाजारात येण्यासारख्या प्रती उरल्यात किती.

म्हणजे सगळं येऊन थांबतं एडिशनवर, म्हणजे एका फोटोच्या किती प्रती काढायच्या त्या ठरलेल्या आकड्यावर. निगेटिव्ह असो की फाइल, प्रिंट हव्या तेवढ्या काढता येतात, म्हणून आधीच जाहीर करायचं की दहाच काढणार, वर एक-दोन आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराच्या स्वतःच्या जादा प्रती), प्रत्येकीवर नंबर आणि सही. किंमत पायरीपायरीने चढते, समजा पहिल्या तीन ४० हजारांना, पुढच्या तीन ६० हजारांना, शेवटच्या लाखाच्या पुढे. आधी घेणाऱ्याने विश्वास टाकला त्याला स्वस्त मिळालं, आणि पुढे त्याच्या प्रिंटची किंमतही वाढली.

इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं. अमेरिकन फोटोग्राफर विल्यम एगल्स्टनचं प्रकरण माहीत असू द्या, त्याच्या जुन्या डाय ट्रान्सफर (रंगीत प्रिंट काढायची जुनी पद्धत) प्रिंट एडिशनमध्ये विकल्या गेल्या होत्या, २०१२ मध्ये त्याने त्यातल्या काही फोटोंच्या मोठ्या डिजिटल प्रिंट काढून क्रिस्टीजमध्ये लिलावाला दिल्या, ३६ प्रिंटचे जवळपास ५९ लाख डॉलर आले. ज्याच्याकडे जुन्या प्रिंट होत्या तो कलेक्टर जोनाथन सोबेल कोर्टात गेला, २०१३ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला, नव्या प्रिंट म्हणजे वेगळी एडिशन धरली. एगल्स्टन कायद्याने सुटला. पण त्याचं नाव तेवढं मोठं होतं, तुमच्या-आमच्यासारख्याने साईझ बदलून परत तोच फोटो विकला तर ज्याने पहिली प्रिंट घेतली तो पुन्हा कधी फोन उचलणार नाही, त्याच्या ओळखीतलेही नाही. म्हणून पहिल्याच दिवशी लिहून ठेवा की दहा म्हणजे सगळ्या साईझ मिळून दहा की प्रत्येक साईझच्या दहा.

बाकी भराभर सांगतो. गॅलरीतली, स्टुडिओतली आणि तुमच्या वेबसाइटवरची किंमत एकच ठेवा, इन्स्टावर मित्राला अर्ध्यात दिली की बातमी पोचतेच. फ्रेम आणि प्रिंटिंगचा खर्च कोणाचा, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, न विकलेल्या प्रिंट परत कधी, डिस्काउंट दिला तर तो कोणाच्या वाट्यातून, हे चारही लेखी घ्या, तोंडी नको, माणूस कितीही गोड असला तरी. आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट (वर्षानुवर्षं न फिकटणाऱ्या शाईची), कॉटन रॅग म्हणजे सुती कागद, प्रिंट अस्सल असल्याचं सर्टिफिकेट हे तर हवंच.

तुमच्या बाबतीत मी आधी गॅलरीच्या दारात जाणार नाही. पंधरा-वीस फोटोंची एकसंध मालिका करा, सुटे सुंदर फोटो गॅलरीला नको असतात, त्यांना पुढची दहा वर्षं काय करणार तो माणूस बघायचा असतो. मुंबईतले शो बघा, एनसीपीएची पिरामल गॅलरी फोटोंसाठीच आहे तिथे जात राहा, आणि कुठल्या गॅलरीत तुमच्या जातकुळीचं काम लागतं ते बघून मगच मेल करा. जहांगीरचा अर्ज मात्र आत्ताच टाका, नंबर लागायला वेळ जातो तेवढ्यात मालिका होईल. किती फोटो तयार आहेत आणि कुठल्या साईझचं डोक्यात आहे ते इथेच लिहा, मग एडिशनचा आकडा ठरवू.